खोके पोचले, पुढे काय?

महाराष्ट्रात शिक्षकाची आणि संगणकाची पहिली सक्तीची गाठ पडली ती वर्गात नव्हे, पगारपत्रकात. सरकारी कर्मचाऱ्यांना संगणक हाताळता यावा म्हणून एमएस-सीआयटी उत्तीर्ण होण्याची अट आली, ३१ डिसेंबर २००७ ही तिची शेवटची मुदत ठरली आणि मुदतीत न बसलेल्या शिक्षकांच्या वेतनवाढी रोखण्याचे, दिलेल्या वसूल करण्याचे प्रकरण पुढे कित्येक वर्षे जिल्हा परिषदांत गाजत राहिले. शाळा सुटल्यावर तालुक्याच्या गावी क्लासला जाऊन कितीतरी गुरुजी आणि बाई वर्डमध्ये अर्ज टाइप करायला, एक्सेलमध्ये बेरजा मांडायला शिकले. त्यात वाईट काही नव्हते. पण त्या अभ्यासक्रमात चौथीचा अपूर्णांक नव्हता, सहावीचा विद्युतप्रवाह नव्हता, वाचताना अडखळणारे मूल तर नव्हतेच. तहसील कचेरीतल्या लिपिकाला जे शिकवायचे तेच शिक्षकालाही शिकवले गेले.

तेव्हापासून यंत्रे पार बदलली, सरकारे बदलली, पण शिक्षकाला मदत करण्याची आपली कल्पना फारशी हललेली नाही. कोणते यंत्र घ्यायचे आणि प्रमाणपत्र किती जणांकडे आहे, या दोन गोष्टींभोवती ती फिरते. सोमवारी तिसऱ्या तासिकेला एखाद्या बाईंना नेमके काय शिकवायचे आहे, त्यात यंत्राचा उपयोग आहे का, आणि ऐनवेळी अडले तर त्यांनी हाक कुणाला मारायची, हे कुणी फारसे विचारत नाही.

गंमत अशी की सगळ्यात जुन्या प्रयोगात हे थोडेफार विचारले गेले होते. १९७५-७६ मध्ये नासाच्या एटीएस-६ उपग्रहावरून सहा राज्यांतल्या सुमारे २,४०० खेड्यांत दूरचित्रवाणी पोचवण्याचा ‘साइट’ हा प्रयोग झाला. महाराष्ट्र त्यात नव्हता. शेती-आरोग्याच्या कार्यक्रमांमुळे तो लोकांच्या लक्षात राहिला. मात्र त्याच उपग्रहावरून प्राथमिक शाळांतल्या जवळपास ५० हजार शिक्षकांना विज्ञान शिकवण्याचे प्रशिक्षणही दिले गेले. पडद्यावर पाठ, सोबत छापील साहित्य, आणि केंद्रावर हजर असलेल्या माणसाच्या मदतीने स्वतः करून पाहायचे प्रयोग, अशी त्याची रचना होती. नुसता पडदा पुरत नाही, हे त्या मंडळींना पन्नास वर्षांपूर्वी कळले होते.

१९८४-८५ मध्ये ‘क्लास’ या केंद्रीय प्रकल्पात देशातल्या सुमारे अडीचशे माध्यमिक शाळांना ब्रिटिश बनावटीचे बीबीसी मायक्रो संगणक मिळाले; त्यावर जास्त बोलण्यासारखे काही नाही. आपल्या जवळची गोष्ट बालचित्रवाणीची. १९८४ मध्ये पुण्यात सुरू झालेल्या या संस्थेने शाळकरी मुलांसाठी मराठीत भरपूर कार्यक्रम केले. आज चाळिशीत असलेल्या माणसांना तिचे नाव काढले की चेहऱ्यावर हसू येते. पण आठवण विचारली तर बहुतेकांची ती घरच्या टीव्हीसमोरची निघते, वर्गातली क्वचितच. कार्यक्रम आणि वेळापत्रक यांची सांगड घालायला शाळेत कुणी नव्हते. २०१७ मध्ये संस्था बंद झाली. तीनच वर्षांनी करोनात शाळांना कुलपे लागली आणि दूरदर्शनवरून पाठ दाखवण्याची वेळ आली, तेव्हा एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनला ‘टिलीमिली’ ही पहिली ते आठवीची मालिका नव्याने उभी करावी लागली. एक चालते घर मोडायचे आणि पाऊस आला की छप्पर शोधत फिरायचे, ही आपली जुनीच खोड.

यंत्राने मुले खरोखर जास्त शिकतात का, याचे उत्तर या विषयावरच्या पक्क्या अभ्यासांत मिळते. ते वाचताना जपून वाचावे लागते एवढेच. पहिला मोठा अभ्यास आपल्या शेजारच्या वडोदऱ्यातला. गुजरात सरकारने २००० मध्ये तिथल्या शंभर महापालिका शाळांना प्रत्येकी चार संगणक दिले होते आणि त्यांतले बहुतेक पडून होते. मुंबईत जन्मलेल्या ‘प्रथम’ संस्थेने मग चौथीच्या मुलांसाठी गणिताचे खेळ आणले. एका संगणकावर दोन मुले, आठवड्याला दोन तास, आणि सोबत बसायला स्थानिक तरुण. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००७ मध्ये निष्कर्ष छापले. दुसऱ्या वर्षाअखेर गणिताचे गुण ०.४७ प्रमाण विचलनाने वाढले होते. साध्या भाषेत, वर्गात बरोबर मधोमध असलेले मूल आधीच्या मापाने पहिल्या एक तृतीयांशात पोचावे एवढी ती वाढ. कार्यक्रम थांबल्यावर वर्षभरात तिचा बराच भाग विरून गेला.

त्याच गुजरातेत ली लिंडन यांनी ‘ज्ञानशाला’ या संस्थेच्या वर्गांत दोन तऱ्हा करून पाहिल्या. संगणकाचा तास शाळा सुटल्यावर जादा ठेवला तेव्हा गुण ०.२८ ने वाढले. तोच तास बाईंचा शिकवण्याचा वेळ कापून ठेवला तेव्हा ते ०.५७ ने घसरले. संगणक तोच आणि कार्यक्रमही तोच होता. ज्ञानशालेतले शिकवणे मुळात चांगले होते, आणि चांगला तास काढून त्या जागी यंत्र बसवले की तोटाच होणार. ‘वर्गात तंत्रज्ञान यायला हवे’ असे म्हणणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारावे, कशाच्या जागी?

पेरूने तर दहा लाखांच्या घरात लॅपटॉप वाटले. ‘वन लॅपटॉप पर चाइल्ड’ ही ती चळवळ; आपल्याकडे कर्जत तालुक्यातल्या खैराटच्या छोट्या शाळेतही तिचा प्रयोग झाला होता. पेरूतल्या ३१९ ग्रामीण शाळांच्या अभ्यासात २०१२ मध्ये दिसले ते असे : संगणक हाताळणे वाढले, गणित आणि भाषा होती तिथेच. उलट दिल्लीत ‘माइंडस्पार्क’ हा कार्यक्रम शाळेनंतरच्या केंद्रांत साडेचार महिने चालवला तर गणितात ०.३७ आणि हिंदीत ०.२३ एवढी वाढ मिळाली. प्रत्येक मूल नेमके कोणत्या पायरीवर आहे हे पाहून तो पुढचा प्रश्न देतो. वयाने सहावीतली पण गणितात तिसरी-चौथीत अडकलेली मुले ज्या वर्गात आहेत, तिथे हे मोलाचेच.

इथे सावध व्हायला हवे. वडोदऱ्यात मुलांसोबत बसणारा तरुण शाळेच्या बाहेरून आलेला होता. दिल्लीतली केंद्रे शाळेबाहेरची होती आणि तिथेही मुलांच्या गटाला शिकवायला माणूस होता. थोडक्यात, हे अभ्यास संगणकाच्या कार्यक्रमाचे आहेत. ज्याच्याकडे वर्ग कायम आहे, त्या नेहमीच्या शिक्षकाला काय द्यावे म्हणजे तो हे सारे आपल्या तासात नीट वापरेल, याबद्दल ते जवळजवळ गप्प आहेत. कंपन्यांचे विक्रेते मात्र हेच आकडे घेऊन मंत्रालयाच्या पायऱ्या चढतात.

महाराष्ट्राचा स्वतःचा अनुभव इथे कामाला येतो, कारण आपल्याकडे २०१५ च्या आसपास एक उलटी गोष्ट घडली. सरकारी खोक्यांची वाट न पाहता शिक्षकच पुढे सरसावले. शहापूर तालुक्यातल्या पाष्टेपाडा या आदिवासी पाड्यावरच्या जिल्हा परिषद शाळेत प्रोजेक्टर, पडदा आणि थोडी जुळवाजुळव करून डिजिटल वर्ग उभा राहिला आणि तो बघायला राज्यभरातून शिक्षक येऊ लागले. जून २०१५ मध्ये ‘प्रगत शैक्षणिक महाराष्ट्र’ या कार्यक्रमाचा शासन निर्णय निघाला, तेव्हा या हालचालीला वारे मिळाले. गावोगाव लोकवर्गणी झाली. यात्रेचा तमाशा एक वर्ष रद्द करून ते पैसे शाळेला देणारी गावे होती, पहिला पगार देणारे माजी विद्यार्थी होते. माढा तालुक्यातल्या परितेवाडीत रणजितसिंह डिसले यांनी पाठ्यपुस्तकाच्या पानांवर क्यूआर कोड चिकटवले; ती कल्पना पुढे बालभारतीच्या पुस्तकांत आणि देशभर गेली. २०२० मध्ये त्यांना ग्लोबल टीचर प्राइझ मिळाले, आणि दहा लाख डॉलरच्या त्या रकमेतला निम्मा वाटा त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर नऊ शिक्षकांना देऊन टाकला.

या लाटेत जे शिकणे झाले ते बहुतांशी शिक्षकाने शिक्षकाकडून केले. सुट्टीच्या दिवशी दुसऱ्याच्या शाळेत जाऊन जोडणी पाहायची, परत येऊन आपल्याकडे करायची, अडले की फोन. ‘तंत्रस्नेही शिक्षक’ हे बिरुद तेव्हाचेच. मग व्हायचे ते झाले. कार्यालयाने हे उद्दिष्ट म्हणून उचलले. तालुक्यात किती शाळा डिजिटल झाल्या याचे तक्ते सुरू झाले, शंभर टक्क्यांच्या शर्यती लागल्या. एका टीव्हीला पेन ड्राइव्ह जोडला तरी शाळा डिजिटल, आणि तिचा फोटो ग्रुपवर.

दोन-तीन वर्षांनी चित्र काय होते, हे खेड्यातल्या कुठल्याही केंद्रशाळेत विचारावे. प्रोजेक्टरचा दिवा गेला, नवा बसवायला अनुदानात शीर्ष नाही. विजेचे बिल थकले, जोडणी तोडली. ज्या सरांनी हे उभे केले त्यांची बदली झाली आणि नव्या बाईंना त्या तारांचा गुंता उलगडेना. लोकवर्गणी वस्तूसाठी निघते, दुरुस्तीसाठी निघत नाही. फीत कापायला पाहुणे मिळतात, पण स्टॅबिलायझर बदलायला वायरमन मिळत नाही. ‘यू-डायस प्लस’ या शाळांच्या सरकारी माहितीसंचातल्या आकड्यांनुसार इंटरनेट असलेल्या शाळांचे देशातले प्रमाण २०२१-२२ मधल्या ३३.९ टक्क्यांवरून २०२३-२४ मध्ये ५३.९ टक्क्यांवर गेले. वाढ मोठी आहे. पण हे रकाने वस्तू आहे की नाही एवढेच विचारतात. ती गेल्या आठवड्यात कोणत्या पाठाला वापरली, हे त्यात नसते.

वापर म्हणजे काय, ते एका द्विशिक्षकी शाळेत बसून पाहावे. बाईंकडे तिसरी आणि चौथी, मिळून वीस-बावीस मुले, एकच खोली. शेजारच्या खोलीत सर पहिली-दुसरी सांभाळताहेत. बाई तिसरीच्या पुस्तकातला क्यूआर कोड आपल्या फोनने उघडतात, कविता छोट्या स्पीकरवर लावतात आणि तिसरीला कामाला लावतात : ऐका, म्हणा, यमक जुळणारे शब्द वहीत उतरवा. ती दहा-बारा मिनिटे चौथीची. फळ्यावर तीन चतुर्थांश आणि दोन तृतीयांश. मोठे कोणते? कविता संपते, फोन मोकळा होतो, मग त्यावर आधीच उतरवून ठेवलेली ‘फेट’ची अपूर्णांकांची आकृती उघडते. कोलोरॅडो विद्यापीठात कार्ल वीमन यांनी सुरू केलेला हा गणित-विज्ञानाच्या हलत्या चित्रांचा खजिना मराठीतही आहे. फोनचा पडदा वीतभर, भोवती चौथीची दहा डोकी. पण बाई लगेच कुणाला पडद्याला हात लावू देत नाहीत. “आधी वहीत लिहा मोठं कोणतं आणि का, मग बोट लावा.” अर्ध्या मुलांनी दोन तृतीयांश लिहिले आहे, कारण तुकडे मोठे असतात. पडद्यावर रंग भरतो आणि ते उत्तर कोसळते. “तुकडा मोठा, पण किती घेतले?” बाई विचारतात, आणि खरी चर्चा आता सुरू होते. तेवढ्यात फोन वाजतो. केंद्रातून. पटाची माहिती दुपारपर्यंत लिंकवर भरायची आहे.

या पंधरा-वीस मिनिटांत तंत्रज्ञानाची दोन खरी कामे दिसतात. एका वर्गाला गुंतवून दुसऱ्याला शिकवायची सवड मिळणे, हे पहिले. लहान शाळांच्या महाराष्ट्रात ते फार मोठे आहे आणि धोरणांच्या कागदांत त्याला फार थोडी जागा मिळते. चुकीचा अंदाज डोळ्यांदेखत उघडा पडणे, हे दुसरे. आणि ‘आधी लिहा, मग बोट लावा’ ही युक्ती या दोहोंचा प्राण आहे. ती नसती तर तीच आकृती मुलांनी खेळणे म्हणून दोन मिनिटांत संपवली असती. फोन कसा जोडायचा हे चित्रफीत पाहून शिकता येते. ही युक्ती दुसऱ्या बाईंचा तास बघून, आपण करून, फसून, पुन्हा विचारून अंगवळणी पडते.

आपली प्रशिक्षणे मात्र चित्रफितीच्या वाटेने गेली. ५ सप्टेंबर २०१७ रोजी ‘दीक्षा’ हे राष्ट्रीय व्यासपीठ सुरू झाले. २०१९ मध्ये ‘निष्ठा’ प्रशिक्षण आले आणि करोनात तेही दीक्षावर ऑनलाइन गेले. नव्या शैक्षणिक धोरणाने प्रत्येक शिक्षकाकडून वर्षाला किमान ५० तासांच्या व्यावसायिक विकासाची अपेक्षा ठेवली. कल्पना चांगली आहे आणि साहित्यही सगळेच टाकाऊ नाही. पण मोजणी होते ती पूर्ण केलेल्या अभ्यासक्रमांची. म्हणून मोबाइल चार्जिंगला लावून चित्रफीत चालू ठेवायची, शेवटच्या चाचणीची उत्तरे ग्रुपवर यायची वाट बघायची आणि प्रमाणपत्र केंद्रप्रमुखांना पाठवायचे, ही रीत शिक्षकांत उघड गुपित आहे. त्यांना दोष द्यायला माझे मन होत नाही. वेतनवाढीसाठी एमएस-सीआयटी करायला लावलेल्या व्यवस्थेने जे पेरले तेच हे उगवले. त्याआधीची समोरासमोरची प्रशिक्षणेही काही आदर्श नव्हती : राज्यात एकाला शिकवायचे, त्याने जिल्ह्यात, जिल्ह्याने तालुक्यात. वर्गापर्यंत येताना त्यातला अर्क उडून जाई आणि उरे सादरीकरणाच्या पाट्या वाचून दाखवणे.

करोनाकाळाने एक मात्र दाखवून दिले. ‘असर’च्या २०२० च्या देशव्यापी ग्रामीण पाहणीत शाळकरी मुलांच्या ६१.८ टक्के घरांत स्मार्टफोन होता; दोन वर्षांपूर्वी हे प्रमाण ३६.५ होते. उरलेल्यांसाठी शिक्षकांनी आणि स्वयंसेवी संस्थांनी वाटा काढल्या. सोलापूरच्या नीलमनगरात, यंत्रमाग कामगारांच्या वस्तीत, शिक्षकांनी घरांच्या बाहेरच्या भिंतींवर पाठ रंगवले. पालघरच्या पाड्यांवर ध्वनिवर्धकावरून पाठ ऐकवणारी ‘बोलकी शाळा’ चालली. कोणते साधन कोणत्या वस्तीला चालेल याचा निवाडा मुंबई-पुण्यात होऊ शकला नाही, तो त्या त्या वस्तीतच झाला.

मग मदत म्हणावी तरी कशाला? यासाठी केरळकडे बघावे. तिथे २००१ मध्ये ‘आयटी@स्कूल’ सुरू झाले. २०१७ पासून त्याचे नाव ‘काइट’. प्रशिक्षक बाहेरून न आणता शिक्षकांतूनच घडवले गेले. मुक्त सॉफ्टवेअर स्वीकारल्यामुळे परवान्याचा खर्च वाचला आणि मल्याळममध्ये हवे तसे बदल करता आले. प्रत्येक शाळेत एक शिक्षक माहिती-तंत्रज्ञान समन्वयक म्हणून नेमलेला असतो. आठवी ते बारावीच्या ४५ हजार वर्गांत लॅपटॉप आणि प्रोजेक्टर बसवले, तेव्हा पाच वर्षांची हमी, तक्रारीसाठी कॉल सेंटर व पोर्टल, आणि दुरुस्ती लांबली तर पुरवठादाराला दंड, हे सारे खरेदीच्या अटींतच होते. मला यातली शेवटची अट सर्वांत क्रांतिकारक वाटते. प्रोजेक्टर बिघडला तर कुणाला तरी भुर्दंड बसतो, हे ठाऊक असलेली बाई तो पाठाच्या नियोजनात धरते. आपल्याकडे ती तो धरत नाही, आणि शहाणपणाच करते.

केरळचे सगळे इथे चालेल असे नाही. तिथल्या शाळा मोठ्या, आपल्या वाडी-तांड्यांवर विखुरलेल्या. पण आपल्याकडे एक सांगाडा तयार आहे. दहा-पंधरा शाळांचे एक केंद्र, त्याला केंद्रप्रमुख आणि केंद्रातल्या शिक्षकांची दर महिन्याची शिक्षण परिषद. राज्यात अशी ४,८६० केंद्रे आहेत. शिक्षण परिषदेचा अर्धा दिवस एकाच पाठाला द्यावा : एका शिक्षकाने तो मुलांसमोर घेऊन दाखवावा, बाकीच्यांनी मागे बसून पाहावा, महिनाभर आपापल्या शाळेत करावा आणि पुढच्या परिषदेत काय फसले ते सांगावे. काही केंद्रांत उत्साही मंडळी असे करतातही. एरवी प्रास्ताविक, परिपत्रकांचे वाचन, राहिलेल्या माहितीची उजळणी, चहा आणि आभार यांतच दुपार सरते. केंद्रप्रमुखांच्या कितीतरी जागा वर्षानुवर्षे रिकाम्या आहेत. एकेकाकडे दोन-दोन केंद्रांचा भार, आणि त्यातही त्याचा दिवस टपाल गोळा करण्यात जातो.

शिक्षकाच्या हातातल्या त्या फोनबद्दलही स्पष्ट बोलायला हवे. तो त्याचा स्वतःचा, त्यातला डेटाही त्याच्याच पैशाचा. त्यावर हजेरी, पोषण आहार, विद्यार्थ्यांचे आधार, शिष्यवृत्ती, वृक्षारोपणाचे फोटो, सगळे येते. तंत्रज्ञानाने शिक्षकाचा वेळ वाचेल असे सांगितले गेले होते. वेळ वाचला तो वरच्या कार्यालयांचा. शाळेत अध्यापनासाठी तंत्रज्ञान वाढवायचे तर आधी माहिती मागणारे तंत्रज्ञान कमी करायला हवे, हे आराखड्यांत फारसे सापडत नाही.

आता कृत्रिम बुद्धिमत्तेचा फेरा सुरू झाला आहे. प्रश्नपत्रिका, पाठ टाचण, शुभेच्छापत्रे चॅटजीपीटीकडून करून घेणारे शिक्षक आजच पुष्कळ आहेत, आणि टाचणवहीसारख्या नुसत्या दाखवायच्या कागदांसाठी त्यांनी ते केले तर बिघडत नाही. गणिताच्या उदाहरणात मात्र ते यंत्र ठाम आवाजात चूक उत्तर देते, आणि त्याच्या मराठीला बहुधा भाषांतराचा वास येतो. ते ओळखायला विषय पक्का लागतो. केरळने मे २०२४ मध्ये आठवी ते बारावीच्या ८० हजार शिक्षकांना या विषयाचे तीन दिवसांचे प्रशिक्षण द्यायला घेतले : पंचवीस-पंचवीसच्या तुकड्या, समोर आपला लॅपटॉप, शिकवणारेही शिक्षकच. आपल्या शिक्षकांना याची ओळख सध्या यूट्यूबवरून आणि एकमेकांच्या व्हॉट्सॲप संदेशांतून होते आहे, आणि त्यांतले जे चांगले आहे ते निवडून केंद्रापर्यंत नेणारा माणूस अजून नेमायचा आहे.